सिस्टरनं मला बसवलं

बैलानं शिंग झटकलं आणि माझा जबडा मोडला, एवढं तुम्हाला ठाऊकच आहे. पण मी वाचलो कसा, ते ऐका.

पिशोरहून मला थेट संभाजीनगरला दवाखान्यात नेलं. तोंड रक्तानं भरलेलं, बोलता येईना. आडवं केलं की रक्त घशात उतरायचं, जीभ मागं पडायची आणि श्वासच बंद व्हायचा. म्हणून मी उठून बसायचो, तर धाकटा भाऊ परत खाली दाबायचा.

"दादा, पडून राहा, लई लागलंय तुला!"

मी त्याला ढकललं, तर माझ्या बायकोला म्हणतो, "वहिनी, पाय धरा. डोक्याला मार लागलाय वाटतं!"

तेवढ्यात तिथली सिस्टर धावत आली. "सोडा त्यांना! ते भांडत नाहीत, त्यांना श्वास घेता येत नाहीये."

तिनं मला बसवून पुढं वाकवलं, नळीनं तोंडातलं रक्त ओढलं आणि डॉक्टरांना हाक मारली. छातीत हवा गेली, बाबांनो!

मोडलेला जबडा डॉक्टरांनी तारांनी बांधून बंद ठेवला होता. त्या तारा निघाल्या, तसा मी तिचे आभार मानायला गेलो. काय बोलायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं. पण तिला बघितलं आणि नुसतं रडूच फुटलं.

ती हसून म्हणाली, "आता तर जबडा मोकळा झालाय. बोला की!"