चालत्या इंजिनाला हात नको

जमाल : त्या नळीला हात नको लावू, आपा. आत्ताच झाळलीय. भाजशील.

कनीज : भाजू दे. मी काय सांगतंय तिकडं आधी लक्ष दे.

जमाल : ऐकतोय की. हात कामात आहेत, कान मोकळेच आहेत. शमीमला घेऊन आरे-वाऱ्याला गेली होतीस, तुझ्या नणंदेकडं. मग?

कनीज : नाय गेलो आम्ही आरे-वाऱ्याला. सरकारी दवाखान्यात गेलो होतो. आगाशे डॉक्टरकडं.

जमाल : थोरली बहीण असून खोटं बोललीस माझ्याशी?

कनीज : बोलले. खरं सांगितलं असतं तर तू उंबऱ्यात आडवा पडला असतास. डॉक्टरनं मागच्या आठवड्यात तिची थुंकी घेतली होती, आज सांगितलं. तुझ्या सुनेला तेच हाय जमाल, जे तुझ्या फारुकला होतं.

जमाल : तो बारका पान्हा दे इकडं.

कनीज : जमाल!

जमाल : पान्हा दे म्हटलं. मला सांगायला डॉक्टर कशाला हवा? एका भिंतीपलीकडं झोपतो मी. तिच्या छातीत डाव्या अंगाला, खाली, घरघर आहे. त्याने छातीला नळी लावायच्या आधी मी ओळखलं होतं. म्हणून तर पंधरा दिवस हे यंत्र घेऊन बसलोय. तुला काय वाटलं, बंदरातल्या लाँचसाठी करतोय?

कनीज : असलंच एक फारुकसाठी केलं होतंस.

जमाल : ते निराळं होतं. त्यात वाफ धड येत नव्हती, मध्येच उसळायची. ह्याला दाबाची झडप बसवलीय. बघ, इथं बोट ठेव. वाफ एकसारखी, मऊ, सरळ तळापर्यंत जाणार. निलगिरी आणि ओव्याचा अर्क. छाती म्हणजे शेवटी काय गं? भाता. आत काजळी धरली की साफ करायची.

कनीज : फार सुबक केलंयस. बघून कोणी म्हणंल विलायतेहून आणलं. आन् ह्यानं ती मरंल.

जमाल : जिभेला हाड असू दे जरा. आत ऐकू जाईल.

कनीज : तिला ठाऊक नाय होय? नवऱ्याचं रक्त तिनं पुसलंय. डॉक्टर म्हणतो, छातीत जंतू हायत. ते वाफेनं नाय मरत.

जमाल : जंतू, जंतू! मला दाखवलेत त्याने, फारुकच्या वेळी. काचेवर, दुर्बिणीतून. लाल लाल काड्या. नाही कोण म्हणतंय? मी त्याला एकच विचारलं. म्हटलं, डॉक्टर, हे आधी आले आणि आजार मागून, कशावरून? मचवा किनाऱ्यावर मोडून पडला की त्याच्या बुडाला कालवं चिकटतात. म्हणून मचवा कालवांनी मोडला म्हणायचं? छाती कुजली म्हणून किडे आले. ह्यात चूक काय ते दाखव.

कनीज : मला नाय दाखवता येत. मी अंगठा उठवणारी बाई.

जमाल : त्यालाही नाही दाखवता आली! काय म्हणाला ठाऊक आहे? दवाखानाभर माणसं बसली होती, आणि म्हणाला, ‘म्हातारबुवा, तुमच्या डोक्यात नाही शिरायचं ते.’ माझ्या! अख्खी बोट माझ्या कानावर विसंबून चालायची. आणि हे काल मिसरूड फुटलेलं पोरगं मला...

कनीज : ते त्याचं चुकलं. जीभ वाईट हाय मेल्याची, मीच सांगतंय. पण न्हाव्यानं शिवी दिली म्हणून वस्तरा बोथट होतो काय रे?

जमाल : शिकलेल्या माणसाला प्रश्न आवडत नाही, आपा. सगळीकडं तेच. एडनच्या पुढं काय झालं होतं?

कनीज : झालं. आलं एडन.

जमाल : ऐक तर. लढाईचं साल, समुद्रात पाणबुड्या फिरतायत. मी बोटीच्या इंजिनावरचा साधा तेलवाला. चीफ साहेबाला म्हटलं, शाफ्टचं बेरिंग बोलतंय, वाफ तोडा. तो म्हणाला, दाबाची, उष्णतेची सगळी घड्याळं बरोबर दाखवतायत, तू तुझी तेलाची बुधली सांभाळ. घड्याळं बरोबर होती! पण मी ऐकलं होतं ना. मी माझ्या हाताने वाफ तोडली. बेड्या घालतो म्हणाला मला. मग बेरिंग उघडलं, तर आतलं शिसं मेणासारखं वाहत होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर भर समुद्रात ओंडका होऊन पडलो असतो. त्या गोऱ्याने सगळ्यांदेखत टोपी काढली माझ्यासमोर.

कनीज : शंभरदा ऐकलंय. पोरांना निजवताना सांगितलंय मी ते. आज मी तुला सांगू? तेच बाधलं तुला.

जमाल : काय बाधलं?

कनीज : एकदा खरा ठरलास ते. त्या दिवसापासून जो कोण चार बुकं शिकलेला समोर येतो, तो तुला एडनचा चीफच दिसतो. आन् तू आपला कायमचा तो तेलवाला, ज्याचं कोणी ऐकत नाय आन् जो शेवटी खरा ठरतो. अरे, तीस वर्षं तू बेरिंगात हात घातलास म्हणून बेरिंग तुझ्याशी बोललं. माणसाच्या छातीत कदी हात घातलायस?

जमाल : यंत्र ते यंत्र. अल्लाने केलं काय, विलायतेत केलं काय.

कनीज : मग कंपाउंडरला काय सांगितलंस ते सांग.

जमाल : कुठल्या कंपाउंडरला?

कनीज : कुठल्या म्हणून विचारतोस? फारुकला सुया लागू पडल्या होत्या. ताप उतरला, गालावर मांस आलं. बंदरावर तुझ्याबरोबर लाँचची इंजिनं उघडायला लागला. आन् तो बिचारा सुईची पेटी घेऊन ह्याच पडवीत आला. काय म्हणालास त्याला?

जमाल : जाऊ दे ते.

कनीज : बोल ना.

जमाल : चालत्या इंजिनाला हात लावायचा नसतो, म्हटलं.

कनीज : दीड वर्षाचं औषध होतं रे.

जमाल : पोर बरा झाला होता! सगळ्या राजिवडा मोहल्ल्याने बघितला. बऱ्या माणसाला टोचत राहायचं, हे कुठलं शास्त्र? गळती थांबली की आपण थांबतो. का आणखी वर्षभर ठोकत बसतो?

कनीज : आन् पावसाळा सरला तसं रक्त आलं. मग तूच धावलास डॉक्टरकडं. अनवाणी.

जमाल : धावलो. घेतल्या ना पुन्हा सुया? काय झालं? पाणी टोचल्यासारख्या गेल्या. म्हणजे औषधच लटकं. खरं असतं तर दुसऱ्यांदाही लागलं असतं.

कनीज : अर्धवट सोडलं की जंतू औषधाला सरावतात, म्हणाला तो.

जमाल : सरावतात! किडा काय मदरशात जातो शिकायला?

(आतून खोकल्याची उबळ.)

कनीज : ऐकलंस? आता सांग, कुठलं बेरिंग बोलतंय?

जमाल : संध्याकाळी पहिली वाफ देऊ तिला.

कनीज : उद्या तिचा भाऊ येतोय, हमीद. राजापूरहून. तो तिला मिरजेला नेणार. क्षयाचं मोठं इस्पितळ हाय तिकडं, डॉक्टरनं चिठ्ठी दिलीय. मी तिला म्हटलं, विचारू नको, गप जा. तर ती म्हणते, अब्बांनी हो म्हटल्याशिवाय मी ह्या घरातून पाऊल काढणार नाय.

जमाल : मग नको काढू दे.

कनीज : कसं रे बोलवतं तुला?

जमाल : काय कमी आहे तिला इथं? मासळी आहे, हवा आहे, मी आहे.

कनीज : फारुकला काय कमी होतं?

जमाल : सरक जरा, झडप आवळायचीय.

कनीज : एक विचारू? रागावू नको. तुला औषध खोटं वाटतं, का ते खरं निघंल ह्याची भीती वाटते?

जमाल : आपा, पुरे.

कनीज : बरं, हे तरी ऐक. आज मी डॉक्टरला फारुकचं विचारलं. तो म्हणाला, पोराचं आधीच फार पुढं गेलं होतं. औषध पुरतं दिलं असतं तरी वाचला नसता. तुझ्यामुळं काय नाय झालं, जमाल. हिचं आता सुरुवातीला कळलंय, म्हणून हिला पाठव. एवढंच.

जमाल : असं म्हणाला?

कनीज : कुराणाशप्पथ...

जमाल : शपथ नको घेऊ. शमीम! दाराआड उभी राहू नको, बाहेर ये. बस त्या पाटावर. तू होतीस ना दवाखान्यात? डॉक्टर असं म्हणाला?

शमीम : अब्बा, फुफी म्हणतात ते...

जमाल : फुफीकडं बघू नको. माझ्याकडं बघून सांग.

शमीम : तसं नाही म्हणाले.

कनीज : अगो, काय केलंस!

शमीम : खोट्यावर निघून गेले, फुफी, तर तिकडं रोज तेच टोचेल मला. डॉक्टर म्हणाले, औषध पुरं झालं असतं तर बहुतेक वाचले असते.

जमाल : बहुतेक.

शमीम : बहुतेक, असं म्हणाले.

जमाल : हं.

शमीम : पण ते तुम्ही एकट्याने नाही केलं, अब्बा. सुयांबरोबरच्या त्या पुड्या इतक्या कडू होत्या, गिळताना ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तुम्ही बंद करा म्हणालात, त्या दिवशी मी नारळाच्या दुधातली खीर केली होती. आठवते? तुम्ही दोनदा मागून घेतलीत. आपल्याला सगळ्यांनाच तेच ऐकायचं होतं. ह्यांनाही.

जमाल : तो काय म्हणाला होता? मला कधी बोलला नाही काही.

शमीम : म्हणायचे, अब्बांच्या हातचं इंजिन पुन्हा बंद पडलेलं मी बघितलं नाही.

जमाल : आधी म्हणायचा. रक्त यायच्या आधी.

शमीम : मागूनही. शेवटच्या रात्री वाफेची नळी तोंडात धरवत नव्हती त्यांना. मी म्हटलं, राहू दे आता. तर म्हणाले, धर तू, अब्बा बघतायत.

कनीज : पोरी, पुरे गो. बस कर.

जमाल : बोलू दे तिला.

शमीम : मला आणखी काही बोलायचं नाही. अब्बा, तुमच्याशी मला वाद घालता येत नाही. मचवा आधी मोडतो का कालवं आधी लागतात, मला नाही कळत. सातवीपर्यंत शिकलेली मी. तुम्ही बोलायला लागलात की तुमचंच खरं वाटतं, आजही वाटतं. पण रात्री खोकला आला की एवढंच कळतं, मला मरायचं नाही. ह्यांच्या मागे जावं असं पुष्कळदा वाटलं होतं, आधी. आता नाही वाटत. मला जगायचंय, अब्बा. भीती वाटते मला.

जमाल : मग न विचारता का नाही गेलीस?

शमीम : माझ्या बापाच्या माघारी तुम्ही मला ह्या घरात आणलंत. ‘माझी मुलगी’ म्हणून सांगितलंत चारचौघांत. मुलगी अशी पळून जाते का?

कनीज : बघ. बघ, कोणाला मारायला निघालायस.

जमाल : आपा, तू गप्प बस जरा. शमीम, तिथं किती दिवस ठेवतात?

शमीम : वर्ष तरी. जास्तही लागेल, म्हणाले.

जमाल : आणि बरं वाटायला लागलं तरी टोचतात.

शमीम : हो. पुरं होईपर्यंत.

जमाल : मध्येच सोडायचं नाही. कोणी काही म्हणालं तरी. मी चिठ्ठी पाठवली की ये आता घरी, तरी नाही.

शमीम : नाही सोडणार.

जमाल : आणि पुरतं घेतलंस की बरी होशील.

शमीम : होईन म्हणतात.

जमाल : त्याचा अर्थ कळतो तुला, पोरी? आज मला ‘कोण जाणे’ म्हणता येतं. कोण जाणे, औषध खोटं असेल. कोण जाणे, त्याचं आयुष्यच तेवढं असेल. तेवढ्यावर दोन घास जातात, डोळा लागतो. तू बरी होऊन आलीस की ते गेलं. मी माझा मुलगा मारला, हे मग ठरलंच. त्यावर प्रश्न नाही विचारता यायचा.

कनीज : असं नको बोलू रे, भावा. अल्ला माफ करणारा हाय.

शमीम : मग मी राजापूरलाच राहीन, अब्बा. बरी झाले तरी. हमीदच्या घरी. तुमच्या डोळ्यांसमोर येणार नाही.

जमाल : नाही. इथंच यायचं.

शमीम : तुम्हाला बघवेल?

जमाल : बघवणार नाही. तरी इथंच यायचं, ह्याच दाराने. मी पडवीत बसलेला असेन.