मारुतीरायाची उजवी बाजू

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. चाकूरजवळच्या आमच्या माळावर मोठ्या स्पर्धांसाठी गोल्फचे मैदान व्हायचे होते. आखणीसाठी आलेल्या बाईंनी मधले मारुतीचे देऊळ जपून त्याभोवती अठरा खड्डे मांडले. मी त्या देवळाचा पुजारी; नकाशा पाहताच बोललो, "खेळाडू देवाला डावीकडे ठेवून चालणार!"

सरपंच कडाडले, "उलटी प्रदक्षिणा आमच्या गावात चालायची न्हाई. काम बंद!"

बाईंचा चेहरा उतरला. त्या मला म्हणाल्या, "काका, सहा महिन्यांची मेहनत आहे. आणि ही प्रदक्षिणा नाही, खेळ आहे."

मी म्हणालो, "चेंडूमागे का होईना, माणूस देवाभोवती फिरणारच ना? शेवटच्या खड्ड्याकडून सुरुवात करा."

बाई पायरीवर बसून बराच वेळ रेघा ओढत राहिल्या. मग एकदम हसल्या. "काका, संध्याकाळी शेवटच्या टप्प्यात खेळाडूंच्या डोळ्यांवर ऊन येणार होतं. ते कोडं मला सुटत नव्हतं. आता सूर्य पाठीमागे गेला! तुमच्या मारुतीला गोल्फ कळतं की काय?"

माझ्याआधी सरपंचच हात जोडून म्हणाले, "गोल्फचं ठाऊक न्हाई बाई, पण सूर्याशी त्याची लहानपणापासून वळख हाय."