बादलीचं माप टाकीला

आमचे आजोबा महूच्या फौजेत होते, वडील मात्र इथं परदेशीपुऱ्यात टीनकाम करायचे, बादल्या, डबे, पीपं, अन् मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, शाळा सातवीतच सुटली. वडिलांचा एकच हिसाब, जेवढं तोंड रुंद त्याच्या तिप्पट पत्रा कापायचा अन् वर दोन बोटं जास्त, बस. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, बादली गळते का? मग काप गुपचूप. अन् खरं सांगतो, फूटभर रुंद बादली कधी अडली नाही.

वडील गेल्यावर मी वेल्डिंगची मशीन घेतली, तर पोरींचं हॉस्टेल चालवणाऱ्या एका भियानी, म्हणजे दादांनी, छतावर, स्टँडवर ठेवायला लोखंडी टाकी सांगितली, सहा फूट रुंद. एवढं मोठं काम पहिल्यांदाच, मी फुगलो होतो. तळ कापला, मग अठरा फूट अन् दोन बोटं पत्रा कापला, गोल वळवला, अन् काय सांगू तुम्हाला, तोंडाला तोंड मिळेच ना, पावणेनऊ इंच कमी. डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी टाकी द्यायची, तर भंगारातली पतली पट्टी उचलली, मध्ये बसवली, बाहेरून वेल्डिंग मारली, आतून मारलीच नाही, वरून रंग.

मग माझी पोरगी आठवीत गेली, एकदा थाळीभोवती दोरा गुंडाळत बसली होती, मी आपला दोन बोटांचा हिसाब सांगितला, सहा फुटी टाकीला पण तोच लावला म्हटलं, तर हसली. म्हणाली, बाबा, रुंदीला बावीसनी गुणायचं अन् सातनी भागायचं, गोल वाढला की वरची बोटं पण वाढतात, सहा फुटाला दहा इंच लागतात.

आता त्या पट्टीखालून गंजाची रेघ उतरलीय, जोड आतून सडतोय, भरलेली टाकी कधीही फाटेल. भियांकडे दोनदा गेलो, कबूल केलं, हात जोडले, म्हटलं उतरवा ती, फुकट नवी बनवून देतो. ते म्हणाले, काका, इतने साल कुछ हुआ क्या? अन् रंग मारून घेतला. रेघ परत आली. अजून कुठं जाऊन सांगायचं तर जेलची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. रोज सकाळी जाऊन रस्त्यापलीकडच्या पटरीवर उभा राहतो, वर बघतो. पोरी टाकीखालीच कपडे वाळत घालतात, तिथंच पुस्तकं घेऊन बसतात.

त्यातली एक परवा दुधाच्या दुकानात भेटली. मी म्हटलं, बेटा, टाकीखाली नको बसत जाऊ.

"पर काका, छत पे छाँव तो वहीं है."

सुखी राहा म्हटलं तिला, डोक्यावर हात ठेवला.