खडशीला गाभोळी धरंना

मी इठाबाई, जातीनं भोई, माहेर प्रवरेच्या काठचं अन् सासर बी प्रवरेच्याच काठचं, अकोल्याच्या वरच्या अंगाला, त्यामुळं काय सांगू तुमाला, नदी सोडून मला दुसरं काय ठावंच न्हाई. आमच्यात जाळं गड्यानं टाकायचं अन् मासा बाईनं चिरायचा, बाईनं इकायचा, म्हंजी माशाचं पोट आतून कसं असतं ते गड्यापरीस बाईला जास्ती ठावं. अन् खडशी माशाची तर रीतच हुती, नव्या पान्याला अंड्यांनी, गाभोळीनं भरलेली मादी जाळ्यात घावली तर ती चिरायची न्हाई, हळदकुंकू लावून डोहात परत सोडायची. सासूनं मला लगीन झाल्यावर पैल्यांदा हे शिकवलं, भाकरी मागनं शिकवली.

पर रीत पाळनारं थोडं अन् डोहात सुरुंगाची दारू टाकनारं लई झालं. एक बार उडवला की ल्हान-मोठं सगळं उतानं. खडशी दिसंनाशी झाली. मंग सरकारनं गावाखाली तळी बांधली, मासेखात्याचा साहेब आला, त्यानं वरच्या डोहातनं उरल्यासुरल्या खडश्या धरल्या, हातानं अंडी काढून पिल्लं केली, ती वाढवून नदीत सोडायची, म्हंजी पुढं त्यांच्या त्या नदीतच अंडी घालतील, असं ठरलं. पिल्लांना खायला घालायला मला कामावर घेतली.

लई हौस हुती हो मला. साहेबानं सांगितलं दोन ओंजळी, मी टाकायची चार. भुईमुगाची पेंड अन् भाताचा कोंडा, भिजवून, गोळं करून. आपल्या नदीचं लेकरू, उपाशी कशाला ठेवायचं. मासं असं टरारलं की साहेब पावन्यांना आनून दावायचा, म्हनायचा बघा वाढ, अन् मी पदर सावरून हुबी.

वरीस झालं न्हाई तर वीतभर नराच्या पोटाला बोट लागलं की दूध यायचं, दूध म्हंजी नराचं पांढरं बी. वीतभर मासा अन् गुडघ्याला बाशिंग, आमी बाया लई हसलो. पर माद्या? दोन पावसाळं झालं, मादी हातभर झाली, पोट दाबावं तर काय न्हाई. साहेबाला म्हनलं, साहेब, नवरा आधीच घोड्यावर बसलाय अन् नवरी अजून न्हातीधुती न्हाई, हे जमायचं कसं? साहेब म्हनला, नदीत गेल्यावर समदं होतं इठाबाई, तुमी पेंड टाका.

हलगी वाजवून सोडल्या नदीत. तवा बहात्तरचा दुष्काळ, साहेब म्हनला पानीच न्हाई तर खडशी काय करल. व्हय, ते बी खरं. पर फुडल्या आषाढात पानी आलं, मी रोज डोहावर जायची, अंडी घालाय धारेवर चढनारी एक खडशी दिसली न्हाई. दिसली ती मेलेली, काठाला, शेपटीला सोडताना आमीच वळखीसाठी पाडलेली खाच. तितंच इळ्यानं चिरली. आत पिवळी चरबी, बोटाबोटाची, अन् गाभोळी म्हनाल तर दोऱ्यावानी दोन रेघा. पेंड माझ्याच हातची ना.

तशीच पळसाच्या पानात बांधून साहेबाकडं गेली. म्हनलं साहेब, तळ्यात आता दुसऱ्या खेपेची पिल्लं हायती, त्यांची तरी पेंड कमी करा, वाहतं पानी द्या, नदीतला मासा दगडावरचं शेवाळ खातो, धारेशी भांडतो, तवा गाभोळी धरती. साहेब नाकाला रुमाल लावून म्हनला, वरनं इचारत्यात मासं केवढं झालं अन् किती सोडलं, पोटात काय हाय ते कोन इचारत न्हाई. काय बोलावं ह्या मानसाला! चूक माझी, मी कुठं न्हाई म्हनती? पर कळल्यावर बी तीच करत बसायचं?

मंग मीच दोनच ओंजळी टाकाय लागली. मासं सडपातळ झालं, अन् साहेब म्हनला इठाबाई पेंड घरी नेती. मी! लई लागलं मनाला, अजून लागतंय.

आता पेंड दुसरी बाई टाकती, चार ओंजळी, माझ्याच मापानं. मला बांधावरचं गवत काढायला लावलंय. माझी सावली पान्यात पडली की मासं अजून काठाला येत्यात, तोंड वासून. मी रिकामा हात दावती अन् म्हनती, जावा बायांनो, माघारी जावा, उपाशी ऱ्हावा पर गाभोळी धरा.