तांबं खाणारं पाणी

...आणि वर बायको मलाच विचारते, "एन्री इदु?" हे काय म्हणून! अगं, मला काय विचारतेस? तुम्हाला सांगतो, सरस्वतीपुरममध्ये श्रीनिवासराव म्हटलं की चारचौघं मान देतात हो, पण त्या दिवशी स्वतःच्याच न्हाणीघरात आ वासून उभा राहिलो!

झालं काय, दसऱ्याच्या नवरात्रात आमच्याकडं बाहुल्या मांडतात. यंदा राजा-राणीच्या मागं लुकलुकणारे दिवे लावायचे, आणि सर्किट आपण स्वतः करायचं, असं मी डोक्यात घेतलं. पुतण्या सुदीप हेब्बाळला इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "काका, सुम्ने, उगीच कशाला घाबरता? तांब्याचा थर चढवलेल्या पाटीवर मार्करनं रेघा ओढा, पाण्यात सोडा. रेघांखालचं तांबं राहतं, त्याच तारा; बाकीचं विरघळतं. पाणी कसलं? व्हिनेगर, मीठ, मेडिकलमधलं पेरॉक्साइड. घरातल्याच वस्तू!"

घरातल्याच वस्तू! न्हाणीघरात प्लॅस्टिकच्या जुन्या टबात कालवलं, पाटी सोडली, आणि अय्यो, काय हिरवा रंग चढला! आम्ही पिढीजात रंगारी, आजोबांनी जन्मभर कापडं रंगवली, पण असला हिरवा... बघतच बसलो. मग वास नाकात चढला म्हणून बाहेर आलो आणि जरा आडवा झालो.

तेवढ्यात आमची मंडळी, कमलाक्षी, तिच्या आईनं दिलेला तांब्याचा कलश घेऊन आली. दुसऱ्या दिवशी घट बसायचे, आणि त्या कलशाशिवाय तिची पूजा म्हणजे पूजाच नाही! घासायला चिंच संपलेली. बघते तर टबाला व्हिनेगरचा वास, शेजारी मिठाचा पुडा... यांनी आयतं करून ठेवलंय की! नवऱ्याचं इतकं कौतुक तिला चाळीस वर्षांत वाटलं नव्हतं. बुडवला कलश, आणि गेली गिरिजाबाईंकडं. दोन तास!

मग किंकाळीच ऐकली मी. "री! अहो, माझ्या आईचा कलश!"

चकाकी गेलेली, अंग खरबरीत, आणि मुळात झिजलेलं बूड... टप... टप... गळतंय! पाटीकडं बघतो तर तांबं औषधालाही नाही! मार्कर फळ्यावरचा निघाला हो, रेघा सगळ्या पुसून गेल्या! घरातलीच वस्तू!

ती रडायला लागली. "आईची एवढी एकच वस्तू होती." माझी मान वर होईना.

मग तिनंच कलश उजेडात धरला. हळदीकुंकवाला भांडी बदलतात म्हणून आईनं त्याच्यावर नेलपॉलिशनं लेकीचं नाव घातलं होतं. नखानं ते खरवडलं, आणि काय सांगू! खाली 'कमलाक्षी', आईच्या वाकड्या हातातलं अक्षर न् अक्षर, तांब्यात उठून आलेलं! माझी एक रेघ राहिली नाही, आणि सासूबाईंनी घातलेलं नाव मात्र...

बुडाला एम-सील लावलं, घट बसले. दिवे? लुकलुकतात की! दुसरी पाटी केली, रेघा हिनंच ओढल्या, नेलपॉलिशनं. बायका बाहुल्या बघायला येतात, विचारतात, "दिवे कुणी केले?" ही म्हणते, "मीच!" मग माझ्याकडं बघतात, "आणि हे?"

ही लगेच, "हे होय? घरातलीच वस्तू!"