दारावरचा समुराई

माझं नाव मारुती, गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला, आन वय म्हनशील तर कागदावर एकाहत्तर, आई म्हनायची दोन वर्सं जास्तच. बा माझा तालमीत मर्दानी खेळ शिकवायचा, लाठी, पट्टा, तलवार, तवा मीबी सात वर्सांचा असल्यापासनं फिरवतोय. पोटाला मात्र फौंड्री. तीस वर्सं साचे भरले बघ, वाळू थापायची, वर लोखंडाचा रस वतायचा, कपडे घामानं खारट. सनावाराला तेवढी तलवार हातात. मंडळी होती तवर तिकडं बरं चाललं. ती गेली, आन संदीप, माझा ल्योक, म्हनला आबा, आता एकटं ऱ्हायचं न्हाई, चला. आलो मग हितं अमेरिकेत, प्लेनोला. चार वर्सं झाली.

एकटं ऱ्हायचं न्हाई म्हनून आनलं, आन काय सांगू तुला पोरी, सकाळी संदीप आन प्राजक्ता, सूनबाई माझी, गाड्या काढून हायवेला लागली, रिया शाळेला गेली, की दिवसभर मी आन फ्रीजचा आवाज. रिया नात माझी, तवा सतरा वर्सांची, लई गुनाची. तिला मराठी कळतं सगळं, पन उत्तर इंग्रजीत. मी विचारनार जेवलीस का, ती म्हननार आय ॲम गुड आजोबा. झालं, सपलं बोलनं. संदीपचा काय दोष न्हाई हां. फोन, मीटिंग, त्याचंबी डोकं ठिकानावर नसतं.

तर मी मागच्या अंगनात काठी फिरवायचो, येळ घालवायला. कुंपनाच्या फळ्यांवरनं शेजारीन बघायची, लिंडा नाव तिचं. एक दिवस आली दारात, रियाला म्हनली तुझ्या आजोबाला नाटकात काम करशील का इचार. हौशी लोकांचं नाटक, हितल्या कम्युनिटी सेंटरात. मी म्हनलं, अगं मला येस-नोच्या पुढं इंग्रजी येत न्हाई. तर रिया हसली, म्हनली आजोबा, ही इज अ समुराई, ही डझन्ट टॉक.

गोष्ट अशी, की जपानात एक सरदार आस्तो, त्याला शाप लागून तो मरतो, पन त्याचा आत्मा घरातच आडकतो. दारावर त्याचा तलवारबाज, किन्झो. जोवर किन्झो दारावरनं हलत न्हाई तोवर धन्याचा आत्मा शाबूत. शंभर वर्सं जात्यात, गाव उठून जातं, आन ह्यो हुबा. तो किन्झो मी. एकच शबुद बोलायचा. आतनं, कागदाच्या पडद्यामागनं, धनी इचारतो, किन्झो, आहेस का? की मी म्हनायचं, हाय. जपानीत त्याचा अर्थ व्हय जी. मी म्हनलं, ह्ये तर आमचंच, कोल्हापुरात ह्येच म्हनत्यात. लिंडाला सांगितलं तर हसून हसून खुर्चीत बसली.

धनी झालेला म्हातारा म्हंजे हारुओ. ब्याऐंशीचा, एकटाच ऱ्हायचा, आयुष्यभर जपानी तलवार शिकवलेली. पैल्या दिवशी माझे हात बघितले, लाकडी तलवार दिली, आन मी आपली सवयीनं गरगर फिरवली, तर त्यानं हात वर केला. मला खुनेनं दावलं, नुसतं हुबं ऱ्हा. तीन म्हैने त्यानं मला हुबं ऱ्हायला शिकवलं बघ. श्वास कसा, टाच कुठं, नजर कुठं. मी हललो की पाठीत बोट टोचायचा. सवता गाडी चालवत मला न्यायला यायचा, वाटंत दोघंबी गप. पन त्या गप बसन्यात मला फ्रीज आइकू येत न्हवता. एकदा त्याला भाकरी आन ठेचा दिला, तर डोळ्यातनं पानी काढत खाल्ला आन अजून मागितला.

शेवटचा खेळ रविवारी दुपारी. मी दारावर. आता धनी हाक मारनार. हाक आली न्हाई. मला वाटलं इसारला आसंल, न्हाईतर मुद्दाम लांबवतोय. किन्झो हलत न्हाई, मी हललो न्हाई. लोक चिडीचूप. श्वास मोजले मी, त्यानंच शिकवलेलं तसे. चाळीसपातूर मोजले. मग मागं लाकडावर पाय घासल्याचा आवाज आला. तलवार टाकली, पडदा फाडून आत शिरलो. म्हातारा खाली पडलेला, तोंड एका बाजूला. आन बाहेर लोक टाळ्या वाजवत्यात, त्यास्नी वाटलं नाटकच हाय. मी बोंबललो, अरं कुनीतरी या रं, मानूस मराय लागलाय. कुनाला कळायचं? रिया माझ्यासाठी विंगेत थांबायची, ती धावत आली, तिनं ॲम्ब्युलन्सला फोन केला, आन माझा हात धरून म्हनली, आजोबा, त्यांना उचलू नका, येतील आत्ता, घाबरू नका. मराठीत म्हनली गं. सगळं मराठीत.

अंगावरनं वारं गेलं त्याच्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हनला, ह्यात एकेक मिनिट मोलाचं. लिंडा म्हनली, यू सेव्हड हिम. समदे तसंच म्हनत्यात. पन मी किती येळ हुबा हुतो ते मलाच ठावं. चाळीस श्वास.

दर बुधवारी प्राजक्ता मला दवाखान्यात सोडायची. एकदा त्याला सांगितलं मी, मराठीतच, दुसरी भाषा कुठाय मला. म्हनलं बाबा, मला उशीर झाला, माफ कर. त्यानं बघितलं माझ्याकडं लई येळ. कळलं का न्हाई देव जाने. डावा हात माझ्या हातावर ठेवला आन तसाच झोपला. प्राजक्ता येईपातूर मी हात काढून घेतला न्हाई.

मग त्याची लेक आली आन त्याला ओरेगॉनला घेऊन गेली. बरोबरच हाय, लेक हाय. ती कवातरी रियाला फोटो धाडती, खुर्चीत बसलेला आस्तो, खिडकीशी. फोनवर काय बोलनार? त्याला वाचा न्हाई, मला भाषा न्हाई.

लिंडा म्हनली नवं नाटक करूया. नको म्हनलं. काठी गॅरेजात ठेवली. रिया आता कालिजात गेली, लांब, ऐतवारी फोन करती, दोन-चार मराठी शबुद मुद्दाम घालती, माझ्यासाठी. बाकी दिवस जात्यात. तक्रार न्हाई माझी. तू हितं शिकायला आलीस, खोलीवर एकलीच ऱ्हातेस म्हनलीस. आज दोन तास बसलीस माझ्याजवळ, मदी एकदाबी घड्याळ बघितलं न्हाईस. तुला औक्ष मिळो, पदवी मिळो, ते तर मिळलच. पन माझं मागनं येगळं हाय पोरी. देव तुला भरपूर बोलनारी मानसं देवो.