वकिलांच्या ओट्यावरचा डाग

“कितीही घासा, जायचा नाही तो. त्या दिवशी सुनेचं—” एवढंच आयकू आलं मले, देवमनभाऊ, अन् वकिलीनबाईनं दार लोटून घेतलं. आता सांगा, अर्ध्यावर दार लोटलं तं शेजारनीनं काय समजावं? छप्पन्न साली केलेला सिमेंटचा ओटा, गल्लीतला पहिला, त्याच्यावर हा एवढा लाल डाग — अन् सून आठ दिवसांपासून नळावर नाही. मी आपलं जोडलं. तुमी नसतं जोडलं? — नसतं, बरं. मी जोडलं. मैनाबाईले नळावर म्हटलं, मोरोपंत वकिलाच्या घरी सुनेचं डोकं फोडलं वाटते. ‘वाटते’ म्हटलं होतं मी — पन अकोल्याहून मोर्शीले पोचेपर्यंत ते ‘वाटते’ कुठं टिकते? सिंधूच्या माहेरी समजलं, पोरगी दवाखान्यात हाय. आज तिचा भाऊ रविकांत बाराच्या मोटारीनं येऊन राहिला. म्हनून तं वकिलांनी तुमच्यासारख्या गवंड्याले सकाळीच बोलावलं, डाग काढाले. नाही म्हनू नका, आयकलं मी.

घासा, तुमी घासा. वकिलीनबाईनं विटकरीनं घासघासून सिमेंटची गुळगुळीत घोटाई उडवली, डाग तेवढा पसरला. तुमी लिंबू-मीठ चोळून वरून ओलं पोतं टाकलं, तवाच मी कुंपनाजवळ आली. म्हटलं, पाहू. आता पोतं उचललं तं — काय म्हनता? रक्त असतं तं काळं पडलं असतं? हा जंग हाय, लोखंडाचा? बोट कायले फिरवता, दिसते मले. इकडची रेघ, तिकडची रेघ, चार कोपरे. फराटे गेले अन् चौकोन राहिला.

पेटी हाय ते. सिंधूची लग्नातली पेटी, हिरवी, वर गुलाबाचं फूल काढलेली.

आषाढातल्या अखाडीच्या सनाले ती इथं ओट्यावर होती, वळचनीखाली, अन् बाजूले सिंधू. मले वाटलं, माहेरी चालली — नाही, खोटं काहून बोलू, मले तसं वाटलं नव्हतं. घरातून मोरोपंतांचा आवाज आला होता, “उचल पेटी अन् जा तुझ्या मोर्शीला.” कशापायी, ते मले आजही ठाऊक नाही. तिनं उचलली बिचारीनं. पन लेक सासरहून एकटी कशी निघन? न्यायले कोनी यावं लागते, अन् या म्हनून पत्र कोनी टाकलंच नाही. चार दिवस पेटी पान्यात. पोरगी पेटीपाशी. पाचव्या दिवशी पेटी आत गेली. अन् मी? मी इथंच, तांदूळ निवडत. कोनाच्या घरी काय शिजलं ते वासावरून सांगनारी मी — मी तिले एका शब्दानं विचारलं नाही. आमच्या शेताचा दावा मोरोपंतांच्या हातात हाय, येत्या सोमवारी तारीख. म्हनून. — हे तुमाले सांगाचं नव्हतं. अन् डाग पाहून पेटी आठवली कशी नाही, म्हनान. पेटी आठवली असती तं तांदूळ निवडनारी मीही आठवली असती. रक्त बरं वाटलं मले, भाऊ. रक्तात मी कुठंच नव्हती.

आता पाहा काय होईन. रविकांत विचारन, बहिनीचं डोकं फोडलं का? वकील तिचं कपाळ दाखवन, साबूत. म्हनन, पाहा, बायका काय वाट्टेल ते उठवतात. मंग सिंधूनं पेटीचं सांगितलं, तं तेही कोन मानन? माह्या खोट्यानं तिचं खरं बुडते.

म्हनून म्हनते, हात आवरा. तो एक कोपरा राहू द्या. मोरोपंत रागावले तं सांगा, शेजारच्या दुर्गाबाईनं नाही म्हटलं. दाव्याचं पाहू. रविकांतले मीच सांगन — रक्त माहं होतं, मी बनवलेलं. पेटी तुमच्या बहिनीची होती, चार दिवस होती, अन् म्या पाहिली.

दार वाजलं. तीच हाय, तुमचा चहा घेऊन. कपाळ साबूत हाय खरं. कशी वाळली पन.

घ्या तो चहा, देवमनभाऊ, अन् जरा तिकडं निंबाखाली जाऊन बसा. बसा म्हनते ना.

सिंधू, इकडं ये, बाई. ते चार दिवस तू एवढी भिजून काहून राहिली होती?